शेवटच्या खोलीची पाळी

चि. ईशान आणि चि. रेवा,

या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. हेडऑफिसात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईच्या आठवणी कोण वाचणार? मग गेल्या महिन्यात ईशानचा फोन आला आणि माझा विचार बदलला. छापून येईल ते सगळ्यांसाठी, पण लिहिते आहे ते तुम्हा दोघांना. रेवाला अजून सलग मराठी वाचता येत नाही. तिला जो कोणी वाचून दाखवेल त्याने मधली एकही ओळ गाळू नये, एवढी विनंती.

ईशान फोनवर रडवेला झाला होता. प्रोग्रामिंग शिकायला लागून त्याला सहा आठवडे झाले होते. कुठेतरी अडला, म्हणून त्याने इंटरनेटवरच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. पाच मिनिटांत कोणीतरी तो बंद केला. वर शेरा मारला की आधी स्वतः प्रयत्न करा, मग विचारा.

“आजी, ही माणसं इतकी उर्मट का असतात गं?”

मी त्याला म्हटलं, “त्यांच्यातलीच एक मी होते.”

त्याला ते खोटं वाटलं. ते कसं खरं आहे, ते सांगते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं स्पष्टीकरण. नवीन शिकणारा माणूस प्रोग्राम लिहितो आणि तो चालत नाही. का चालत नाही हे त्याला कळत नाही, कारण चूक कळण्याइतकं ज्ञान असतं तर ती झालीच नसती. मग तो आपला प्रोग्राम जसाच्या तसा फोरमवर मांडतो. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला जाणकार तो वाचून चूक दाखवतो. पगार नाही, ओळखपाळख नाही. आमच्या फोरमवर अशी उत्तरं देणारे आम्ही वीसेक जण होतो. त्यातल्या चौघांकडे प्रश्न बंद करण्याचा आणि एखाद्याचं खातं कायमचं काढून टाकण्याचा अधिकार होता. मी त्या चौघांतली एक.

तुमचा बाबा परदेशी जाताना घरात कॉम्प्युटर आणि फोनच्या वायरीवर चालणारं इंटरनेट बसवून गेला होता. निवृत्तीला वर्ष झालं होतं, आजोबा नव्हते. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत सकाळची कामं आटोपली की मी टेबलाशी बसायची, ऑफिसात बसावं तशी, साडी नीट नेसून. मी उत्तरांखाली फक्त आद्याक्षरं लिहायची, त्यामुळे सगळे मला पुरुष समजत. “डिअर सर” म्हणून पत्रं येत. एका मुलाने परीक्षेच्या खोलीत बसून प्रश्नपत्रिकाच उतरवून पाठवली आणि खाली लिहिलं, “सर, वीस मिनिटं उरलीत.” एकाचा प्रोग्राम मी तीन दिवस खपून दुरुस्त करून दिला, तर तो म्हणाला, तो माझा नाहीच, तुम्हाला जमतं का ते पाहत होतो. अशा लोकांमुळे माणूस कडक होत जातो. शिवाय मी शाळा इंग्रजीतून शिकलेली. माझं इंग्रजी नेमकं आहे, चार ओळींत समोरच्याला गप्प करता येतं, याचा मला गर्व होता.

आता जरा मागे जाते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मी ज्या कंपनीत होते तिच्या गिरण्या परळ-लालबागला होत्या आणि हेडऑफिस फोर्टात. आमच्या वेळी प्रोग्राम लिहिणाऱ्याला कॉम्प्युटरला हात लावायला मिळत नसे. आम्ही चौकटी छापलेल्या कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचो. ते कागद पंच रूममध्ये जायचे. तिथल्या मुली त्यावरून कार्डांना भोकं पाडायच्या, आणि ती कार्डं मग यंत्रात. उत्तर यायला दोन-दोन दिवस लागत. म्हणून आम्ही आधी प्रोग्राम कागदावरच चालवून बघायचो. चौकोन आखायचे, त्यात आकडे लिहायचे, खोडायचे, आपणच यंत्र व्हायचं.

पंच रूममध्ये परळची कुंदा होती. तिचा हात विजेसारखा चालायचा. एकदा मी प्रोग्रामच्या समासात घरी जाताना न्यायच्या वस्तू लिहिल्या होत्या, सवयीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत. कोथिंबीर, लिंबं, साबुदाणा. दोन दिवसांनी यंत्राने अख्खा प्रोग्राम परत फेकला. प्रोग्रामच्या मधोमध साबुदाणा! मी तणतणत पंच रूममध्ये गेले.

“कुंदा, अगं, प्रोग्राममध्ये साबुदाणा कसा असेल?”

“मला काय म्हाईत? तुमच्या यंत्राचा उपास असंल,” कुंदा म्हणाली. “तुमी लिवलं, मी मारलं. हितं वाचायला बसले तर सांजपर्यंत एक कागद व्हायचा नाय.”

सगळी पंच रूम हसली. पण तिचं बरोबर होतं. पंच करणाऱ्याचा तोच नियम, दिसेल ते मारायचं. अर्थ लावायला गेलं की चुका होतात.

मग संप झाला. गिरण्यांची हजेरी छापायचा प्रोग्राम माझा होता. संपातही तो रोज चालवायचा, असा हुकूम होता. रोज सकाळी कागदांचा जाडजूड गठ्ठा बाहेर यायचा आणि प्रत्येक नावापुढे ‘गैरहजर’. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच शब्द. कितीतरी महिने. शेवटी एक दिवस साहेबांनी यादी दिली. ही नावं काढून टाका. मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. कुंदाने कार्डं मारली, एका नंबराला एक कार्ड. त्यात तिच्या सख्ख्या भावाचा नंबर होता. तो तिला पाठ होता. तिने तोही मारला आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्या दिवशी ती डब्यासाठी थांबली नाही. मी मात्र नेहमीसारखी जेवले. एका ओळीचं तर काम होतं.

यानंतर वीसेक वर्षं गेली. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती यायला लागल्या. मी निवृत्त झाले आणि फोरमवर उत्तरं द्यायला लागले, ते वर सांगितलंच.

एका शनिवारी फोरमवर शुभांगी परब नावाच्या नव्या खात्यातून एक विचित्र मजकूर आला. त्यात प्रश्न नव्हताच. इंग्रजी अक्षरांत नाव, प्रोग्रामिंगची ‘सी भाषा’, खोली नंबर चाळीस, लालबागमधल्या एका चाळीचं नाव, एवढंच. आमच्यातले एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ गमतीने म्हणाले, ही बाई आपल्याला चहाला बोलावते आहे. मीही हसले आणि तो मजकूर काढून टाकला.

पुढच्या शनिवारी त्याच खात्यातून एक प्रोग्राम आला. मग दर शनिवारी एक. प्रोग्राम विलक्षण होते. एकच ओळ दोन-दोनदा, एकदा चुकीची आणि लगेच खाली बरोबर. मधेच सुटा आकडा. शेवटी नुसतं ‘सत्तेचाळीस’ किंवा ‘एकोणपन्नास’, पुस्तकाच्या पानावर असावा तसा. आणि अगदी खाली एका वाक्यात प्रश्न. आम्ही विचारायचो, ही ओळ दोनदा का? तुम्ही हा प्रोग्राम चालवून पाहिलात का? उत्तर नाही. आठवडाभर शांतता, आणि शनिवारी नवं पान.

फोरमचा शिष्टाचार असा, की तुम्ही प्रश्न विचारलात तर उलटप्रश्नाला उत्तर देण्यासाठी हजर राहायचं. न राहणारा माणूस फुकटा समजला जातो. लोक चिडायला लागले.

एका शनिवारी जे पान आलं ते चाळीतल्या आरतीबद्दल होतं. गणपतीत चाळीच्या मंडपात आरती आणि नैवेद्याची पाळी प्रत्येक खोलीला लावून द्यायची, असा प्रोग्राम. खोल्या चाळीस. खाली प्रश्न होता, “शेवटच्या खोलीची पाळी येत नाही. का?”

ओळी पुन्हा दोन-दोनदा. शेवटी पुन्हा पान क्रमांक. मी ठरवून टाकलं की हे कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेलं आहे. चाळीच्या आरतीवर इंग्रजी पुस्तक कोण लिहील, हा प्रश्न मला पडला नाही. मी उत्तर लिहिलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

“हा मजकूर उतरवलेला आहे, आणि उतरवताना पान क्रमांक गाळण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. विचारणाऱ्याला शिकायचं नाही, दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं आहे. आळशी माणसांसाठी ही जागा नाही. हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.”

चार ओळी. ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी माझ्या भाषेचं कौतुक केलं. मी चहा करून घेतला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी दादरला आमच्या जुन्या ऑफिसच्या माणसांचा मेळावा होता. कुंदा आली होती, केस पांढरे, हात तसेच चपळ. जेवताना तिने सगळ्यांना साबुदाण्याची गोष्ट सांगितली, माझी नक्कल करून. “बाई तणतणत आल्या नि म्हनतात, प्रोग्राममदी साबुदाणा कसा! मी म्हटलं, तुमी लिवलं, मी मारलं.”

लोक हसत होते. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

वहीतून उतरवलेलं. पुस्तकातून नव्हे, वहीतून! कोणीतरी वहीत पेनाने प्रोग्राम लिहीत होतं, चुकलेली ओळ खोडून खाली नवी लिहीत होतं, आणि दुसरंच कोणीतरी अर्थ न कळता दिसेल ते मारत होतं. खोडलेली ओळ, पान क्रमांक, सगळं. आणि पहिल्या शनिवारचा तो पत्ता म्हणजे वहीचं कव्हर.

मी कितीतरी वर्षं ज्या पद्धतीने काम केलं, नेमकी तीच पद्धत मला ओळखता आली नाही.

पत्ता लक्षात होता. रविवारी बसने लालबागला गेले. आपल्या घरापासून अर्ध्या तासाचंही अंतर नाही. आमचा फोरम जगभराचा, आणि ही मुलगी तेवढ्या अंतरावर.

चाळीस नंबरची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाला, संडासांच्या शेजारी. दारात साठीकडे झुकलेले एक गृहस्थ लसूण सोलत बसले होते. मी नाव सांगितलं, फोरमचं सांगितलं. त्यांना कळेना. मी म्हटलं, “तुम्ही शनिवारी कॉम्प्युटरवर लिहून पाठवायचात ना? त्याची उत्तरं मी द्यायची.”

ते लसणाची परडी बाजूला सारून उभेच राहिले. “तुमी त्या? अरे देवा! आमी समजत होतो साहेब हायत कोन तरी. शुभे! गो बाय, बघ कोन इलाहा! तुझी सर इली!”

आत कॉटवर एकवीस-बावीस वर्षांची मुलगी उताणी पडलेली होती. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर. पाठीच्या मणक्याचा क्षय. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं आणि दीड वर्ष ती अशी पडून होती. औषधं बदलून झाली होती, लागू पडत नव्हती. आई दिवसभर पोळ्या लाटायच्या कामावर. उशाशी कॉलेजातलं सी भाषेचं पुस्तक, छातीवर उभी धरलेली वही, आणि पंख्याकडे तोंड करून पेन चालत नाही म्हणून पेन्सिल.

परब गिरणीत साचे चालवायचे. साचा म्हणजे कापड विणायचा माग. संपानंतर काही वर्षं मिळेल ते काम केलं, मग बॅलार्ड पिअरला एका ऑफिसात शिपाई झाले. तिथल्या डिसोजाबाई शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आपला कॉम्प्युटर त्यांना द्यायच्या, फोरमचं पान उघडून द्यायच्या. परब एका बोटाने वही उतरवायचे. सोमवारी उत्तर कागदावर छापून घरी आणायचे. म्हणजे आमचा उलटप्रश्न तिच्यापर्यंत सोमवारी संध्याकाळी पोचायचा, आणि तिचं उत्तर आमच्यापर्यंत पुढच्या शनिवारी, नव्या पानावर. तोवर आम्ही जुना प्रश्न बंद केलेला असायचा.

“मला इंग्रजी येत नाय, बाई,” परब म्हणाले. “पण साच्यावर डिझाईन जसं देतील तसं काढायचं, धाग्याला धागा. आपलं डोकं चालवायचं नाय. तसंच ह्ये. एक अक्षर सोडलं नाय मी.”

“ते दिसत होतं,” मी म्हटलं.

मी त्यांना कुठल्या गिरणीत होतात, ते विचारलं नाही. धीर झाला नाही. आजही ते मला माहीत नाही.

मग परबांनी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवरून एक कागद काढला. ऑफिसात प्लॅस्टिकमध्ये घालून आणलेला, गुळगुळीत. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. माझ्याच चार ओळी.

“ह्यो शेवटचा. ह्याच्यानंतर तुमी सांगितलंत ना, सगळं बरोबर आहे, आता विचारायची गरज नाय. शुभी म्हणाली मला. पण तुमी लिवलंय, तर एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. मराठीत वाचा.”

मी कॉटकडे पाहिलं. शुभांगी माझ्याकडे बघत होती. तिला मान हलवता येत नव्हती, नुसते डोळे. त्या डोळ्यांत राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. ती घाबरली होती, आणि तिची भीती वडिलांसाठी होती.

तुम्ही दोघं नेहमी म्हणता की आजी खोटं बोलत नाही. मी तो कागद हातात धरला आणि वाचला: “शुभांगी परब यांचे प्रोग्राम आम्ही तपासले. त्या कष्टाळू विद्यार्थिनी आहेत. सगळं बरोबर आहे. ऑल करेक्ट.” चार ओळी भरायच्या म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं, की त्यांच्या वडिलांनी मजकूर फार काळजीपूर्वक उतरवला आहे.

परबांनी शर्टाच्या बाहीने प्लॅस्टिक पुसलं आणि कागद परत फळीवर ठेवला. “चहा सांगून येतो,” म्हणाले आणि खाली गेले.

खोलीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, “शुभांगी, मला माफ कर.”

“तुम्ही आलात ना,” ती म्हणाली. “आळशी वाचलं तेव्हा हसायलाच आलं मला. दीड वर्ष लोळतेच तर आहे.”

“तुझं खातं मी आजच उघडते.”

“ते राहू दे. आधी सांगा, शेवटच्या खोलीची पाळी का येत नाही?”

पाच महिने ती तिथेच अडलेली होती. वहीत हाताने पाळ्या मांडल्या की शेवटची राहून जायची. दुसरी वही नव्हती म्हणून नाही. ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

मी तिच्या वहीत चौकोन आखले, आम्ही ऑफिसात आखायचो तसे, आणि प्रोग्राम कागदावर चालवून दाखवला. यंत्र मोजायला शून्यापासून सुरुवात करतं आणि चाळीसच्या आधी थांबतं. शून्य ते एकोणचाळीस, म्हणजे चाळीस खोल्या. शुभांगीने सुरुवात बदलून एक केली होती. शेवट मात्र पुस्तकातलाच ठेवला होता. म्हणून एकोणचाळीसच खोल्या मोजल्या जात होत्या.

“पण एक का केलंस?”

“आमच्या चाळीत शून्य नंबरची खोली नाही,” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे आमचीच खोली राहिली. चाळीस नंबर. श्शी! मी इतके दिवस चाळीतल्या लोकांची नावं तपासत होते.” आणि ती हसली. हसताना तिला दुखत होतं, तरी हसली.

त्यानंतर मी दर रविवारी जात होते. घरचा कॉम्प्युटर तिथे नेता येत नव्हता, म्हणून सगळं कागदावर. मी तिला कॉमेंट कशी लिहायची ते शिकवलं. प्रोग्राममध्ये काही ओळी यंत्रासाठी नसतात. ठरावीक खुणांच्या आत लिहिलं की यंत्र त्या ओलांडून पुढे जातं. पुढे कधीतरी तो प्रोग्राम वाचणाऱ्या माणसासाठी त्या लिहायच्या असतात. तिला ते फार आवडलं होतं. “म्हणजे यंत्राच्या देखत आपण दोघी बोलू शकतो,” म्हणाली होती.

सात रविवार झाले. मग डॉक्टर म्हणाले, गावची हवा बरी. आई तिला घेऊन कोकणात गेली. परब नोकरीसाठी इथेच राहिले. तिचं खातं मी उघडून ठेवलं होतं. बरेच शनिवार काही आलं नाही.

परब गणपतीला गावी जाऊन आले. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी शुभांगीच्या खात्यातून एक पान आलं. चाळीच्या आरतीचाच प्रोग्राम, पहिल्यापासून नव्याने लिहिलेला. खोडलेली एकही ओळ नव्हती. शेवटी पान क्रमांक होता. मधोमध, खुणांच्या आत, एक कॉमेंट होती. परबांनी धाग्याला धागा लावावा तशी, अक्षराला अक्षर उतरवलेली. आपण काय उतरवतो आहोत, हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

तिने इंग्रजीत लिहिलं होतं: “मॅडम, हे यंत्रासाठी नाही. डॉक्टरांनी आईला सांगितलं आहे, बाबांना अजून माहीत नाही. तुमचं उत्तर येईल तेव्हा बाबांना वाचून दाखवायला मी असेनच असं नाही. ते दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घेतील. म्हणून फक्त ऑल करेक्ट लिहा.”

मग सवयीने, जे करायचं तेच केलं. प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि चालवला. पडद्यावर पाळ्या आल्या. पहिल्या दिवशीच्या संध्याकाळपासून प्रत्येक आरतीला दोन-दोन खोल्या, ओळीने. सगळ्यात खाली चाळीस नंबर, परब, अनंत चतुर्दशी, सकाळची आरती.

कुठेही चूक नव्हती. मी दोनदा चालवून पाहिला.

मी दोन शब्द लिहिले. ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी लगेच खाली हरकत घेतली, की हे उत्तर होत नाही, स्पष्टीकरण द्यायला हवं, नियम तुम्हीच केला आहे. त्या महिन्यात मी माझे अधिकार परत दिले.

सोमवारी परबांचा फोन आला.

“बाई, मिळालं. डिसोजाबाईंनी वाचून दाखवलं. ऑल करेक्ट. त्यांनाच म्हटलं, प्लॅस्टिकमदी घालून द्या. उद्या सकाळच्या एस्टीने निघतो, चेडवाक, शुभीक, हातात देतो.”

“लगेच निघा,” मी म्हटलं.

मग परब म्हणाले, “बाई, एक इचारू? ह्या खेपेला दोनच शब्द हायत. मागच्या कागदावर पण ह्येच होतं ना? मग तवा चार ओळी कशाला लागल्या?”

“परब, त्या कागदावर...” मी सांगायला सुरुवात केली.

“असू दे,” परब म्हणाले. “तुमी तेवा वाचलंत ता चांगलाच वाचलंत.” आणि त्यांनी फोन ठेवला.

शुभांगी त्याच महिन्यात गेली. कागद तिच्या हातात पडला होता, एवढं मला नंतर कळलं. परब मुंबईला परत आले नाहीत. मी एकदा लालबागला गेले तेव्हा चाळीला पाडकामाचे पत्रे लागले होते.

ईशान, तुझा जो प्रश्न त्यांनी बंद केला, तो मला पाठव. नीट करून पाठवायची गरज नाही. जसा लिहिला होतास तसाच पाठव, खोडलेल्या ओळींसकट.

तुमची आजी